शनिवारवाड्याच्या शंभर मीटरच्या आत जुना वाडा – दुरुस्तीची परवानगी कशी काढावी?

कसबा पेठेत आजोबांचा दुमजली वाडा आहे. शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत, म्हणजे प्रतिबंधित क्षेत्रात. पुढचा भाग ठणठणीत आहे. मागच्या सोप्यावर (पडवीवर) कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत आहे, त्याच्या तुळईला वाळवी लागलीये आणि खालची मातीची भिंत या पावसाळ्यात फुगली. तूर्त लोखंडी टेकू दिलेत. मागच्या खोलीतले भाडेकरू काका हलायला तयार नाहीत. एकदा बाहेर पडलो की परत येणं नाही, असं त्यांना वाटतं. पेठेत वाडे पाडताना भाडेकरूंचं जे होतं ते पाहता त्यांना खोटं तरी कसं म्हणू?

२०१० च्या दुरुस्तीनंतरचा स्मारक कायदा वाचला. पहिल्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम नाही, आहे ते पाडून तसंच उभारणंही नाही. (पुढच्या २०० मीटरवाल्यांना निदान अर्ज तरी करता येतो.) मात्र १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते.

माझं घोडं इथे अडलंय: फुगलेली भिंत उतरवून त्याच जागी विटांची बांधली, तर ती दुरुस्ती की पुनर्बांधकाम? तुळईऐवजी लोखंडी गर्डर चालेल? १९९२ आधीचा पुरावा काय जोडायचा? ठेकेदार म्हणतो, "रात्रीतून उरकू, कोण बघतंय!" कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, तो काय ठेकेदार भरणार? आणि "विकून मोकळे व्हा" हा सल्ला कृपया नको, तो घरातच भरपूर मिळतो.

प्रतिसाद – जुनापेठकर
आम्ही पाताळेश्वर लेण्यापाशी (तेही संरक्षित स्मारक), त्यामुळे याच भानगडीतून गेलोय. अर्जात "पाडून नव्याने" हे शब्द चुकूनही नकोत. आहे त्या इमारतीत फेरफार म्हणजे दुरुस्ती. एकच भिंत आणि एकच तुळई बदलायची, बाकी सांगाडा तसाच राहणार, हे नकाशात दाखवा. भिंतीचे फोटो टेकूसकट जोडा. गर्डरचं आर्किटेक्टकडून लिहून घ्या.
अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जातो. त्यांनी तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाला दोन महिने, मग निर्णयाला एक महिना. हे कागदावरचं. पुढचा पावसाळा धरून चाला. महापालिकेची परवानगी वेगळी.
पुराव्याला नुसतं प्रॉपर्टी कार्ड पुरत नाही, त्यावर जागा दिसते, बांधकामाचं वय नाही. जुन्या घरपट्टीच्या पावत्या शोधा.

धागाकर्ता
आभार! घरपट्टीच्या पावत्या १९९५ नंतरच्याच सापडल्या. पण काकांनी १९७८ पासूनच्या भाडेपावत्या तारेत ओवून ठेवल्यात. त्या चालतील का?