प्रतिसाद: टॅबपेक्षा ०२२ जास्त छळतो

'यॅमलमध्ये स्पेस-टॅब सांभाळलं की झालं' हे वर आलेलं मत मला अर्धंच पटतं. (यॅमल, म्हणजे YAML, हा सेटिंग्ज आणि माहिती साध्या मजकुरात लिहायचा फाइल-प्रकार.) इंडेंटेशनमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत, टॅब पडला तर पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) तिथेच ओळ क्रमांकासकट ओरडतो. खरी भीती निमूटपणे बदलणाऱ्या व्हॅल्यूंची. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात शाखांची माहिती अशाच फाइलमध्ये आहे. त्यात मुंबईचा एसटीडी कोड अवतरणचिन्हांशिवाय ०२२ असा लिहिला होता, आणि पायथॉन भाषेतल्या पायवायएमएल (PyYAML) या यॅमल वाचणाऱ्या लायब्ररीने तो १८ म्हणून वाचला! कारण ही लायब्ररी अजून यॅमल १.१ चे नियम पाळते, आणि त्यात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा (फक्त ० ते ७ अंकांचा) धरतात. पुण्याचा ०२० झाला १६. बंगळुरूचा ०८० मात्र तसाच राहिला, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. त्यामुळे बिघाड काही शाखांतच दिसतो आणि शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

वेळेचंही तेच, शून्याने सुरू न होणारी वेळ १.१ मध्ये ६० च्या पटीतला आकडा धरतात. ०९:३० मजकूर म्हणून येतो, पण १८:३० चे होतात १११०, म्हणजे १८ गुणिले ६० अधिक ३०. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे दोन्ही नियम काढले, पण तिथेही ०२२ चा २२ होतोच, पुढचं शून्य गळतं. म्हणून नवशिक्यांना कळकळीने सांगतो, फोन कोड, वेळा आणि ३.१० सारखे व्हर्जन नंबर (त्याचा ३.१ होतो) कायम अवतरणचिन्हांत लिहा, पार्सर कुठलाही असो.