तीन स्क्रू दिसले म्हणजे झालं नाही
काका, पुतण्यानं टेक्सासात घेतलेलं जुनं रुगर कंपनीचं ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर कंपनीच्या सुरक्षा-दुरुस्तीत येतं का, हे विचारलंत. फ्रेमच्या बाजूला दोन पिना असतील तर विषय मिटला, दुरुस्तीची गरज नाही. तीन स्क्रू असतील तर ते 1973 च्या आधीच्या बनावटीचं. पण कंपनीनं फुकटात ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबल्यावरच घोड्याचा ठोका गोळीपर्यंत पोचवणारी पोलादी पट्टी) बसवून दिला तरी स्क्रू तीनच राहतात! म्हणून आधी पूर्ण रिकामं करा, घोडा मागं ओढा, ट्रिगर दाबलेला असताना ही पट्टी वर येते का बघा. दुरुस्तीनंतर जुने भाग मालकाला परत मिळतात. विकणाऱ्याला त्या भागांची पुडी मागा. पट्टी नसेल तर रिव्हॉल्व्हर पडून त्याचा घोडा आपटला की गोळी सुटू शकते. दुरुस्ती होईपर्यंत सहाऐवजी पाचच गोळ्या भरा, घोड्याखालचं गोळीचं घर रिकामं ठेवा. आमच्या नांदेडाकडं लायसनवाली जुनी माणसं हेच सांगायची, अन् आम्ही हसायचो.