तेल बाहेर नको, आत हवं
सायकलच्या चेनला पावसाळ्यात वेट ल्यूब (पावसात टिकणारं दाट तेल) आणि उन्हाळ्यात ड्राय (सुकून धूळ कमी धरणारं) लावावं, असं म्हणतात ते पटतं. पण डब्ल्यूडी-४० (डब्यातून फवारायचं द्रावण) चेनला 'तेलासारखंच चालतं' असं काही जण म्हणतात, हे अजिबात पटत नाही. १९५३ साली ते पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवलं गेलं. त्यातलं सॉल्व्हंट (पातळ करणारा द्रव) उडून गेलं की उरतो नुसता पातळसा थर. चेन साफ करायला खुशाल वापरा, पण वर तेल हवंच.

आणि ब्रँडइतकंच महत्त्वाचं म्हणजे तेल लागतं ते चेनच्या कड्या जोडणाऱ्या पिन आणि त्यांच्यावर फिरणाऱ्या रोलरच्या मध्ये. खालच्या पट्ट्यातल्या चेनला आतल्या अंगाने प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढा. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि त्या काळ्या राड्याने चेनबरोबर स्प्रॉकेटही (चेन बसते ते दातेरी चाक) झिजतं.