लेकीला घरी शिकवतेय, सहावी-सातवीच्या वयाला गणितासाठी कुठला अभ्यासक्रम घ्यावा?

नाशिकची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. आमची लेक साडेअकरा वर्षांची आहे, गेल्या जूनपासून शाळेतून काढून घरीच शिकवतोय. शाळेचं नाव घेत नाही, पण कारण सांगते, शेकडेवारीच्या पेपरात तिने १५ टक्के काढताना आधी १० टक्के काढले, मग त्याचे निम्मे केले आणि दोन्हींची बेरीज केली. उत्तर अगदी बरोबर, तरी गणितावर लाल फुली आणि शेजारी लिहिलेलं 'रीत चुकली'. मार्कांचं मला काही नाही हो, पण त्या दिवसापासून ती स्वतःच्या डोक्याने काही करायचीच बंद झाली, आधी विचारायची की बाईंना हे चालेल का. वर्गात बाकीच्यांचं होईपर्यंत हाताची घडी घालून बसायचं ते वेगळंच.

आता घरी आल्यावर तिने बालभारतीचं सहावीचं आणि सातवीचं पुस्तक मिळून चार महिन्यांत संपवलं, आठवीचं सुरू आहे. लोक म्हणतात वा वा. पण मी रोज शेजारी बसते त्यामुळे मला एक गोष्ट दिसतेय आणि तिचीच काळजी वाटते. जे बघितल्या बघितल्या येतं ते ती सपासप करते, आणि जे दोन मिनिटांत सुचत नाही ते गणित आलं की वही बाजूला सारते, "मला गणित येतच नाही" म्हणते आणि डोळ्यांतून पाणी. इतकी हुशार मुलगी असं का म्हणत असेल?

ह्यांचं म्हणणं आहे की असाच वेग ठेवू, तेराव्या वर्षी दहावीचं गणित हातावेगळं होईल. मला ते पटत नाहीये पण मी बी.कॉम. आहे, गणितात वाद घालण्याइतका माझा अभ्यास नाही. शोधाशोध केल्यावर आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगची पुस्तकं, सिंगापूर मॅथ, एनसीईआरटीची नवीन पुस्तकं, खान अकॅडमी अशी नावं कळली. ज्यांनी खरंच मुलांना यातलं काही शिकवलंय त्यांनी कृपया सांगा, यातलं कुठलं, आणि कशा क्रमाने?

---

एडिसनकर

ताई, तुमची पोस्ट वाचून आमचीच तीन वर्षांपूर्वीची गोष्ट वाचल्यासारखं झालं. आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगा आता चौदाचा आहे, पाचवीनंतर घरीच शिकतो. तुमचे मिस्टर म्हणतायत तेच आम्ही केलं. दहाव्या वर्षी त्याला ऑनलाइन अल्जिब्रा लावला, रोज धडा, रोज हिरवी टिकमार्क, सात-आठ महिन्यांत कोर्स संपला आणि आम्ही खूश. मग एकदा सहज बघितलं तर पठ्ठ्याने a + b चा वर्ग म्हणून a चा वर्ग अधिक b चा वर्ग लिहिलेला. मी म्हटलं ३ आणि ४ घालून बघ, तर ४९ आणि २५, आणि तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मीच नियम बदललाय. त्याला सूत्रं माहीत होती पण ती कुठून येतात याच्याशी त्याचा संबंधच आला नव्हता.

मग आम्ही मागे आलो आणि एओपीएसचं, म्हणजे आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचं, प्रीअल्जिब्रा घेतलं. पहिलाच धडा बेरीज-गुणाकाराच्या गुणधर्मांवर आहे, त्याला अपमान वाटला की हे काय बाळबोध. पण तो एक धडा आम्हाला सहा आठवडे पुरला, खोटं सांगत नाही. ऋण गुणिले ऋण धन का होतं हे आपण सगळे पाठ करतो ना, तिथे ते सिद्ध करायला लावतात. ५ आणि उणे ५ यांची बेरीज शून्य, म्हणून तिला उणे ३ ने गुणलं तरी शून्यच यायला हवं, आता कंस सोडवला की एक तुकडा उणे १५ येतो, मग दुसरा तुकडा १५ असल्याशिवाय शून्य होणारच कसं? हे कळलं त्या दिवशी पोरगा घरभर सांगत सुटला होता.

त्या पुस्तकांची पद्धतच उलटी आहे. आधी गणितं देतात, करून बघ म्हणतात, आणि मग त्याच गणितांच्या उत्तरांतून धडा शिकवतात. म्हणजे अडणं हा अभ्यासाचाच भाग, अडला म्हणजे चुकला असं नाही. धड्याच्या शेवटी जी चॅलेंजची गणितं असतात त्यातली सगळी सुटलीच पाहिजेत असा हट्ट धरू नका, आम्ही निम्मी सोडून दिली आणि वर्षभराने परत केली.

आमच्या घरी एक नियम केला तो सांगते. वीस मिनिटं प्रयत्न करायचा, नाही सुटलं तर गणित कागदावर लिहून फ्रिजला लावायचं आणि खेळायला जायचं. रडायचं कारणच उरलं नाही, कारण गणित 'आलं नाही' असं कोणी म्हणतच नव्हतं, ते 'फ्रिजवर' होतं. एक तर अकरा दिवस फ्रिजवर होतं.

पुस्तक मागवायच्या आधी त्यांच्या साइटवर तयारी तपासायच्या छोट्या चाचण्या फुकट आहेत त्या देऊन बघा, आणि अल्क्युमस म्हणून सरावाचं आहे तेही फुकट, प्रीअल्जिब्राचे व्हिडिओही फुकट आहेत. सिंगापूरचं बार मॉडेल, म्हणजे पट्ट्या काढून गणित मांडायची रीत, फार सुंदर आहे पण तुमची लेक समीकरणं मांडायला लागली असेल तर आता त्यासाठी अख्खा संच नको, धाकटं भावंड असेल तर त्याला जरूर घ्या.

---

कोथरूडचा_बाबा

एडिसनकर ताईंशी बराचसा सहमत, पण इथे राहून दोन-तीन गोष्टी वेगळ्या पडतात म्हणून लिहितो. आमचे दोघंही घरी शिकतात, मोठी आता एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा मंडळातून, दहावी देतेय.

पहिलं म्हणजे घाईबद्दल. एनआयओएसला दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. त्यामुळे तेराव्या वर्षी दहावीचं गणित संपवून ते नेणार कुठे? कागदोपत्री तुम्हाला तोपर्यंत थांबायचंच आहे. म्हणजे तुमच्या हातात अडीच वर्षं मोकळी आहेत, आणि शाळेतल्या कुठल्याही मुलाला अशी अडीच वर्षं मिळत नाहीत. मिस्टरांना हे असं सांगून बघा, मला वाटतं त्यांनाही पटेल.

दुसरं, एओपीएस एकटंच घेऊ नका. पुस्तकं बाहेरून येतात, महाग पडतात, इंग्लिश दाट आहे आणि उदाहरणं तिकडची, डॉलर आणि बेसबॉल. मुलगी मराठी माध्यमातून आली असेल तर गणिताआधी भाषेलाच अडेल आणि तिला वाटेल गणितच येत नाही. मी कणा म्हणून एनसीईआरटीचं नवीन 'गणित प्रकाश' ठेवलं. सहावीचं २०२४ ला आलं, सातवी-आठवीची २०२५ ला, पीडीएफ फुकट आहेत. जुन्या पुस्तकांसारखं नियम, सोडवलेलं उदाहरण, सराव संच असं नाहीये ते. सहावीचा पहिला धडाच मुळी आकृतिबंधांचा आहे, आणि आठवीचा पहिला धडा शंभर लॉकरच्या कोड्याने सुरू होतो. शंभर माणसं, पहिला सगळे लॉकर उघडतो, दुसरा प्रत्येक दुसऱ्या लॉकरची स्थिती बदलतो, तिसरा प्रत्येक तिसऱ्याची, शेवटी कुठले उघडे राहतात? आमच्या धाकट्याने याच्यावर तीन दिवस काढले. पहिल्यांदा वीस लॉकरचा तक्ता केला, १, ४, ९, १६ उघडे. मग मी फक्त एवढंच विचारलं की बारा नंबरच्या लॉकरला कोण कोण हात लावतं. तिथून त्याला विभाजक जोडीजोडीने येतात हे दिसलं, आणि वर्गसंख्येत एक जण स्वतःचाच जोडीदार असतो म्हणून विभाजक विषम होतात आणि लॉकर उघडा राहतो हे त्याने स्वतः सांगितलं. माझ्या दृष्टीने तीन दिवसांत एक गणित हा चांगला वेग आहे.

पुढे आवड टिकली तर आठवीपासून आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा, देता येते, तीन तास, तीस प्रश्न, उत्तरं सगळी ०० ते ९९ मधली. पुढच्या टप्प्याचे, म्हणजे आरएमओ आणि आयएनएमओचे जुने पेपर होमी भाभा केंद्राच्या साइटवर मिळतात. पुण्याला येणं होत असेल तर भास्कराचार्य प्रतिष्ठानात चौकशी करा, १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी काढलेली संस्था आहे, शाळकरी मुलांसाठी खूप मनापासून काम चालतं. पण हे सगळं नंतर, आत्ता परीक्षा नकोच.

---

मीनल_ठाणे

खान अकॅडमीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. मागे राहिलेला एखादा मुद्दा भरून काढायला उत्तम, मराठीतही बरंच आहे. पण असं भराभर पुढे जाणाऱ्या मुलीला मुख्य अभ्यासक्रम म्हणून नको, हिंट दाबली की पुढची पायरी मिळते आणि ती पटकन दाबायची सवय लागते. आमच्याकडे लागली होती, मोडायला फार वेळ गेला.

---

जुना_मास्तर

ताई, मी सातारा जिल्ह्यात चौतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. पुस्तकांचं वरच्यांनी नीट सांगितलंय, मी त्या रडण्याबद्दल सांगतो.

वर्गातलं सगळ्यात हुशार मूल आणि सगळ्यात मागे राहिलेलं मूल, दोघंही एकाच वाक्यावर रडतात, "मला येत नाही." मागच्याला अडायची सवय असते तरी. हुशार पोराला लहानपणापासून सगळे म्हणत आलेत की याला पटकन येतं, म्हणून पटकन आलं नाही की त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. त्यात तुमच्या लेकीला स्वतःच्या रीतीवर फुली मिळालेली. ती गणिताला घाबरत नाही, फुलीला घाबरते.

तेव्हा तुम्ही बी.कॉम. आहात, गणित येत नाही, हे तुमच्या पथ्यावरच पडणार आहे. तिच्या शेजारी बसून तुम्हीही तेच गणित तुमच्या वहीत करा, तुम्हीही अडा, खोडा, परत मांडा. आईला अडलेलं बघितलं की मुलाला अडण्याची लाज वाटत नाही. तिची एखादी रीत वेगळी असेल तर चूक-बरोबर न म्हणता "हे नेहमीच चालेल का गं?" एवढं विचारा. दर आठवड्याला एका गणिताची पूर्ण रीत शब्दांत लिहून घ्या, असं लिहायचं की वाचून तिच्या मैत्रिणीला कळलं पाहिजे. आणि भूमितीची रचना सोडू नका, कंपासपेटी घेऊन हाताने, स्क्रीनवर नाही.

तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून एक देतो. तुमच्या शेजारी देवळालीला द. रा. कापरेकर शाळेत शिकवायचे, ६१७४ ही त्यांची संख्या जगभर प्रसिद्ध आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच करा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येते आणि तिथेच थांबते. पण लेकीला हे सांगू नका. तिला तीन अंकी संख्या द्या आणि तेच करायला लावा. काय येतं तेही सांगू नका. आणि नेहमी तेच येतं हे कशावरून, हा प्रश्न ती विचारेपर्यंत तुम्ही विचारू नका.

---

नाशिकची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय कारण मास्तर काकांचं गणित बारा दिवस चाललं होतं.

पहिल्या दिवशी तिने ७५२ घेतली आणि ४९५ वर येऊन थांबली. मग घरातल्या सगळ्यांच्या गाड्यांच्या नंबरांतले तीन तीन अंक घेऊन बघितले, सगळीकडे ४९५. मी पण माझ्या वहीत करत होते, मी वजाबाकीत हातचा विसरले तर तिने मला दाखवलं आणि फार खूश झाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आई, मधला अंक कायम ९ येतो, आणि बाजूच्या दोघांची बेरीजपण ९. का ते तिला सुचेना. डोळे भरून आले, पण वही सारली नाही, कागद फ्रिजला लावला (एडिसनकर ताई, थँक्यू).

मग सहा दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते, ती ओट्याशी येऊन उभी राहिली, पिठाच्या हाताने माझ्याच वहीवर लिहायला लागली. मोठा अंक a, मधला b, लहान c. वजाबाकी केली तर b उडूनच जातो आणि ९९ गुणिले a वजा c उरतं. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, आई, a वजा c तर फक्त १ ते ९ असू शकतं, म्हणजे पहिल्याच वजाबाकीनंतर नऊच संख्या उरतात, मग सगळ्या कशाला तपासायच्या, नऊच तपासल्या की झालं! ०९९ पासून ८९१ पर्यंत नऊच्या नऊ तिने उभ्या उभ्या तपासल्या, सगळ्या ४९५ ला गेल्या. एक भाकरी करपली, करपू दे म्हटलं. ह्यांनी ते पान वाचलं, दोनदा वाचलं, आणि दहावीचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

ठरलंय ते असं, 'गणित प्रकाश' सातवी-आठवी मुख्य, रोज तासभर. अल्क्युमस आठवड्यातून दोनदा, मी शेजारी बसून, कारण भाषा थोडी अडते. प्रीअल्जिब्रा मागवलंय, ते दिवाळीनंतर सावकाश. खान फक्त लागेल तेव्हा.

काका, काल तिला ६१७४ बद्दल सांगितलं आणि आता ती चार अंकीच्या मागे लागलीये. तिचं म्हणणं पहिली वजाबाकी ९९९ गुणिले (a वजा d) अधिक ९० गुणिले (b वजा c) अशी येते, आणि b वजा c कधीच a वजा d पेक्षा मोठं होत नाही, म्हणून एकूण ५४ शक्यता तपासाव्या लागतील. मी माझ्या वहीत मोजले तर माझेही ५४ आले. आम्ही दोघींनी बरोबर मोजलंय का तेवढं सांगाल का, बाकी काही सांगू नका.