स्टेडफास्ट : अढळ, ठाम की खंबीर?

भाचीला शाळेत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा इंग्रजी उतारा मराठीत आणायला दिला होता. सोलापुरात हे ओघानं आलंच, त्यांचा जन्म १९१०चा, इथलाच. उताऱ्यात ‘स्टेडफास्ट’ होता. तिनं लिहिलं, “रुग्णसेवेवरची त्यांची निष्ठा अटळ होती.”

म्हटलं, “अगं, अटळ मरण असतं. टळत नाही ते अटळ, ढळत नाही ते अढळ. ध्रुवाला अढळपद मिळालं, अटळपद नव्हे.”

“पण मामा, फास्ट म्हणजे तर वेगात ना?”

प्रश्न रास्त होता. उत्तर चाटी गल्लीत मिळालं. चादर दाखवताना दुकानदार म्हणाला, “साहेब, कलर एकदम फास्ट हाय, जायचा न्हाई.” हा फास्ट वेगाचा नव्हे, पक्क्याचा. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ ‘घट्ट, पक्का’ हाच. वेगाचा अर्थ मागाहून चिकटला. त्याआधीच्या ‘स्टेड’चा अर्थ जागा. म्हणजे जागेवर पक्का. गंमत अशी की हा ‘स्टेड’ आपल्या ‘स्थिती’चा लांबचा भाऊ. स्थान, ठाण, ठाव ही सगळी त्याच गोतावळ्यातली. ‘ठाण मांडून बसला’ म्हणतो तेव्हा आपण स्टेडफास्टच्या अगदी शेजारी असतो, फक्त त्यात कौतुकापेक्षा वैताग जास्त!

आता मराठीत काय म्हणायचं? माझ्या मते एका शब्दावर भागत नाही. श्रद्धा अढळ, नकार ठाम, संकटातला माणूस खंबीर. ‘अढळ नकार’ कानाला खटकतो आणि ‘ठाम श्रद्धा’ नुसती मतासारखी वाटते. कोशातला ‘स्थिर’ इथं नकोच. ‘स्थिर निष्ठा’ म्हटलं की पाण्याचं डबकं डोळ्यांपुढं येतं. ‘अविचल’ चालेल, पण भाषणात.

‘अ‍ॅडमंट’शी मात्र गल्लत नको. तो मुळात ग्रीक, ‘न नमणारा’ या अर्थाचा, हिऱ्याच्या नात्यातला. पण आज इंग्रजीत तो बहुधा ऐकतच नाही अशा माणसाला लावतात. आपला ‘हटून बसलेला’. स्टेडफास्टमध्ये निष्ठेची ऊब आहे, हट्टाची धार नाही.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विशेषणच काढून टाकलं. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, काही जण परतले, कोटणीस तिथंच राहिले आणि १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले, एवढं लिहून पुढं वाक्य टाकलं : “ते शेवटपर्यंत ढळले नाहीत.”

मला हे फार पटलं. इंग्रजी जिथं विशेषण लावतं तिथं आपण क्रियापदाला ‘नाही’ जोडून मोकळे होतो : हटला नाही, डगमगला नाही, मागं सरला नाही. बाईंनी मात्र वहीत लाल शाईनं विचारलंय, “विशेषण कुठे?”