मदत हवी आहे: इंटरकॉमच्या जुन्या वायरवरून पाण्याचा पंप चालवता येईल का?

नमस्कार मंडळी. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गच्चीपासून पंपरूमपर्यंत बंद पडलेल्या इंटरकॉमची ०.५ मिमीची तांब्याची वायर आहे. दोन जोड्या, साधारण ४० मीटर. टाकी भरली का ते बघायला वॉचमनकाकांना दरवेळी गच्ची गाठावी लागते, आणि वाहून जाणारं पाणी तर बघवत नाही.

या वायरमधून २३० व्होल्ट अजिबात न्यायचे नाहीत, हे पक्कं. वर फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा), खाली २४ व्होल्ट डीसीचा छोटा रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) आणि त्यावरून स्टार्टरचा काँटॅक्टर, म्हणजे पंपाचा मोठा स्विच, असा विचार आहे. जाऊन-येऊन रेझिस्टन्स जेमतेम ७ ओहम आणि रिलेला ३०-४० मिलिअँपिअर, म्हणजे वायरमधला व्होल्टेज ड्रॉप नगण्यच.

टाकी रिकामी असताना सर्किट जुळेल अशी जोडणी केली, तर वायर तुटल्यावर पंप बंद राहील. पण वायर शॉर्ट झाली तर? पंप चालूच राहणार, याचीच धास्ती आहे. दुसऱ्या जोडीवर वेगळा फ्लोट आणि रिले घेऊन दोन्ही रिलेंचे काँटॅक्ट सिरीजमध्ये जोडले (म्हणजे दोन्ही जुळले तरच पंप चालेल) तर पुरेल का?

शिवाय त्याच डक्टमधून लिफ्टची थ्री-फेज केबल जाते. वळवाच्या विजा लक्षात घेता सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा) दोन्ही टोकांना लावावा का? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.