अनुभव धागा: अभ्यास, श्रद्धा आणि रोजचं सुख (नवस वगळून)

ओहोटी
माळ्यावरचे डबे उतरवताना मनाच्या श्लोकांची जुनी पुस्तिका हाती आली. कव्हर वाळवीने खाल्लेलं, श्लोक शाबूत. त्यावरून हा धागा. शिकत्या वयात श्रद्धेतली किंवा तत्त्वज्ञानातली कुठली गोष्ट रोजचा दिवस सुखाचा करते ते लिहा. अट एकच: चमत्कार नकोत. किती, कधी, कसं आणि कुठे फिसकटतं, ते हवं.

सुरुवात मी करते. श्लोक २०५. रोज २ घेतले की १०३ दिवस, म्हणजे जूनच्या मध्याला सुरू केलं तर सप्टेंबरअखेर पुरे. वृत्त भुजंगप्रयात: चरणात १२ अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार गट. एका गटाला एक पाऊल धरा, चार पावलांत चरण, सोळा पावलांत श्लोक. चढणीला धाप लागून चरण तुटतो, तिथे पाठ झालेले म्हणायचे आणि नवे सपाटीला. नवे दोन घेण्याआधी मागचे दहा. फिसकटतं ते रविवारी! उत्साहात पंधरा श्लोक होतात आणि सोमवारपासून शून्य. रविवारीही दोनच.

फायदा साधा आहे. एसटीची वाट बघताना रिकामं डोकं मार्क दळत बसतं, त्याला दुसरं दळण मिळतं.

खाडीकाठ
नवस वगळलात ते बरं केलंत. "पास होऊ दे, नारळ देईन" यात गैर काही नाही, पण सगळं सुख निकालाच्या दुपारी नेऊन ठेवलं जातं. ती दुपार वर्षातून एकदा येते आणि पेढे संपेपर्यंत टिकते.

गीतेचा २.४७ ("कर्मण्येवाधिकारस्ते") सगळ्यांना येतो, पण अर्ध्यावर सोडतात. चौथा चरण आहे "मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि", म्हणजे काम न करण्याचीही ओढ नको. "फळाची आशा नाही म्हणून अभ्यासही नाही" ही पळवाट तिथेच बंद होते. रोजच्या कागदावर "९० मार्क" असं लिहू नका, "७ ते ९, समाकलनाची १२ गणितं" असं लिहा. बारा झाली की दिवस वसूल, पेपर कसाही येवो. आठच झाली तर उद्या बाराच ठेवा, सोळा नकोत. थकबाकी पुढे ओढली की तिसऱ्या दिवशी वही उघडवत नाही.

मोदकपात्र
१८व्या अध्यायातले ३७, ३८, ३९ पण बघा. सुखाचे तीन प्रकार. आधी विष मग अमृत ते सात्त्विक, आधी अमृत मग विष ते राजस, आणि झोप-आळस-हलगर्जीतून येणारं ते तामस. अभ्यासाची पहिली वीस मिनिटं, रील्स, आणि "पाच मिनिटांनी उठते गं आई". तिन्ही आमच्या घरात एकाच खोलीत नांदतात 😄

वीस मिनिटं कडूच जाणार हे आधीच धरून चाललं की अर्धी लढाई संपते. पोरं दहाव्या मिनिटाला उठतात आणि म्हणतात मूड नाही. विष तेवढं प्यायलेलं, अमृताआधीच पान सोडलं.

जाते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात.

बांधावरचो
ह्या सगळा बरा, पण करूक पयले सकाळी उठाक होया मरे!

ओहोटी
@बांधावरचो, तुमच्यासाठी तामसाचा श्लोक वर दिलाय हो.

कातळ
तैत्तिरीय उपनिषदातला आनंदाचा हिशोब कॉलेजच्या पोरांना आवडतो, कारण तो चक्क गणितात आहे. एकक कोण? तरुण, सज्जन, अध्ययन केलेला, चपळ, दृढ, बळकट, आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याची. त्याचा आनंद = १. मग मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर, आजानज देव, कर्मदेव, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती, ब्रह्म. दहा पायऱ्या, दर पायरीला शंभरपट. म्हणजे १ वर २० शून्यं.

खरी गंमत पुढे. मनुष्यगंधर्वापासून प्रत्येक पायरीवर एक वाक्य परत परत येतं: "श्रोत्रियस्य चाकामहतस्य". ज्याने नीट अध्ययन केलंय आणि ज्याला हवंहवंने मारलेलं नाही, त्यालाही तेवढाच आनंद. वाढ दोन वाटांनी होते, मिळकत वाढवून किंवा हाव कमी करून, आणि दुसऱ्या वाटेला पृथ्वीभर धन लागत नाही. एकक धरलेल्या त्या माणसाला मात्र हे वाक्य नाही. तिथे सगळं असूनही हाव शिल्लक आहे, असं मला त्यातून दिसतं.

व्यवहारात: महिन्याचा खर्च लिहिताना शेजारी एक रकाना वाढवा, "घ्यावंसं वाटलं, घेतलं नाही". महिनाअखेरीला तो वाचा. त्यातल्या किती गोष्टी आज आठवतायत ते मोजा, बास.

दर्यासारंग
नमाजचा हिशोब लिहितो, कॉलेजच्या वेळापत्रकात तोच जास्त अडतो. पाच वेळच्या फर्ज (बंधनकारक) रकात, म्हणजे नमाजच्या फेऱ्या: फज्र (पहाट) २, जुहर (दुपार) ४, असर (दुपार उतरल्यावर) ४, मगरिब (सूर्यास्त) ३, इशा (रात्र) ४. एकूण १७. वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) दोन-तीन मिनिटं, चार रकात पाच-सात मिनिटं. मधल्या सुट्टीत जुहर आरामात बसते, डबा नंतर.

घोळ असरचा. कोकणी मुसलमान शाफई, आणि हॉस्टेलवर मिळणारी बरीच वेळापत्रकं हनफी (या दोन वेगळ्या धर्मशास्त्रीय परंपरा). शाफईत दुपारच्या मूळ सावलीत वस्तूच्या उंचीएवढी भर पडली की असर सुरू, हनफीत दुप्पट भर. डिसेंबरात रत्नागिरीला हा फरक पाऊण तासाचा पडतो: पावणेचार विरुद्ध साडेचार. तीनला प्रॅक्टिकल सुरू होऊन पाचला संपत असेल तरी मगरिब सहा वाजून गेल्यावर आहे, तासभर मिळतो. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये पद्धत बदलता येते, ती एकदा बघून घ्या.

यात सुख कसलं? दिवसाचे आपोआप पाच तुकडे पडतात. "आज दिवसभर अभ्यास" हे कधीच होत नाही, "असर ते मगरिब रसायनशास्त्र" होतं. सगळ्यात चांगला तुकडा फज्रनंतरचा. तो जातो कशाने? रात्री बारानंतर चालू राहिलेल्या ग्रुपवरच्या गप्पांनी. आणि फोन खिशात नको, तो सजद्यात (कपाळ जमिनीला टेकलेलं असताना) थरथरला की लक्ष तिथेच गेलं.

बांधावरचो
हॉस्टेलवर डबो आधी खाल्लो नाय तर दुसरो कोणतरी खाता, ह्यो हिशोब पण घाला 😂

दर्यासारंग
@बांधावरचो, त्यासाठी डब्यात सुकट ठेवायची. खोलीतले निम्मे आपोआप लांब राहतात.

घाटमाथा
कोकणी माणसाच्या खोलीत सुकटीने कोण लांब राहतंय??

बोधी
आनापान, म्हणजे श्वास बघण्याचं बौद्ध ध्यान, लिहिते. वेळ १० मिनिटं, जागा ठरलेली, पाठ सरळ, डोळे मिटलेले. नाकपुड्यांशी आणि वरच्या ओठाच्या वरच्या भागात श्वास जाणवतो, तेवढंच बघायचं. लांब आला लांब, आखूड आला आखूड. मन जाणार, आणायचं, परत जाणार.

चुका नेहमीच्याच. एक, श्वास ओढूनताणून घेणं. तो प्राणायाम झाला, हे वेगळं. दोन, भात-आमटी हाणून लगेच बसणं, म्हणजे डुलकी. तीन, "आज छान लागलं, काल नाही" असे मार्क देणं. परीक्षेपासून सुटायला बसलात आणि स्वतःचीच परीक्षा घेताय.

निकालाच्या आठवड्यात मुदिता. दुसऱ्याचं बरं झालं त्यात आनंद मानणं, चार ब्रह्मविहारांपैकी (मनाच्या चार शुभ भावना: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा) तिसरा. मैत्री भावनेचा क्रम: आधी स्वतः, मग जवळचं माणूस, मग ना ओळखीचं ना परकं असं (कॅन्टीनवाले काका चालतील), आणि शेवटी ज्याचा राग येतो तो. थेट शेवटच्यावर उडी मारली की रागच घट्ट होतो. मुदितेला मात्र सुरुवात जिवलग मैत्रिणीपासून.

कातळ
हेच चार शब्द योगसूत्रांत १.३३ ला आहेत, पण वाटणी वेगळी. तिथे सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता, अपुण्यवानाबद्दल उपेक्षा. म्हणजे जास्त मार्क मिळालेली मैत्रीण पतंजलींकडे मैत्रीच्या खात्यात जाते.

बोधी
हो, बरोबर. पोटात दुखणं थांबलं म्हणजे झालं, खातं कुठलंही 😊

माचाळ
योगसूत्रं निघालीच आहेत तर १.३० ची यादी भिंतीवर लावा. अभ्यास बिघडण्याची कारणं इतकी नेमकी दुसरीकडे नाहीत. व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. नऊ. लोक सगळ्याला "आळस" म्हणतात आणि उपाय चुकतो.

स्त्यान म्हणजे मन जड, आलस्य म्हणजे अंग जड. अंग जड असेल तर आंघोळ, विहिरीवरून दोन कळश्या, काम झालं. मन जड असेल तेव्हा आंघोळीने फक्त ओलं स्त्यान मिळतं! तिथे विषयच सोपा घ्यायचा, जमलेलं गणित परत सोडवायचं. अविरती म्हणजे विषयांची ओढ न सुटणं, मोबाइल तिथे. उपदेश करू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अलब्धभूमिकत्व म्हणजे करूनही टप्पा न गाठणं, अनवस्थितत्व म्हणजे गाठून घसरणं. पहिल्याला पद्धत बदला, दुसऱ्याला उजळणी वाढवा. उलट केलंत तर सहा महिने वाया.

१.३२ मध्ये सगळ्यांवर उपाय एकच: एकतत्त्वाभ्यास, म्हणजे एकाच गोष्टीचा सराव. आठवड्याला नवं अ‍ॅप आणि नवा गुरू हे त्याच्या नेमकं उलट.

साकव
अभियांत्रिकीच्या मुलांसाठी एपिक्टेटसची वही. हा जुना ग्रीक तत्त्वज्ञ, मूळचा गुलाम माणूस, त्याच्या शिकवणुकीची सुरुवातच ही: काही गोष्टी आपल्या हातात, काही नाहीत. पानाच्या मध्यावर रेघ. डावीकडे हातातलं, उजवीकडे हाताबाहेरचं. पेपर तपासणारा, गाडीचा उशीर, पावसात गेलेली लाइट: उजवीकडे. आदल्या रात्री चार्ज केलेला दिवा: डावीकडे.

अडतं ते गटाच्या प्रकल्पाला, अर्धं इकडे अर्धं तिकडे. तिथे वाक्य मोडायचं. "प्रकल्प वेळेत होणं" उजवीकडे, "माझा भाग गुरुवारी पाठवणं आणि शुक्रवारी एक फोन करणं" डावीकडे. उजव्या बाजूला रोज तेच तेच येत असेल तर ते एकदाच लिहून खूण करा, दररोज गिरवू नका. नाहीतर ती चिंतेचीच वही होते.

घंटानाद
जपमाळेबद्दल थोडंसं. रोझरीत (कॅथलिक जपमाळेत) पाच दशकं, म्हणजे दहा-दहा प्रार्थनांचे गट; सुरुवातीच्या तीन धरून ५३ "नमो मरिया". पूर्ण म्हणायला पंधरा-वीस मिनिटं. परीक्षेच्या काळात पूर्ण जमत नसेल तर एक दशक, चार मिनिटं, पण ठरल्या वेळी. घाईघाईने पाच म्हणण्यापेक्षा सावकाश एक बरं. पेपरला जाताना खिशात बोटातली दहा मण्यांची अंगठी चालते, माळ अडकते आणि तुटते.

मोदकपात्र
शिमग्याचं कोणीच बोललं नाही! फाल्गुन पौर्णिमा आणि बोर्ड हमखास शेजारी. पालखी आपल्या वाडीत कधी ते मानकऱ्यांना आधी विचारून घ्या आणि तो अर्धा दिवस वेळापत्रकातून खोडूनच टाका. नाहीतर मूल धड ढोलाजवळ नसतं, धड पुस्तकाजवळ. ढोल लांबून ऐकू येत असेल तेव्हा नवीन सिद्धता घेऊ नका. आकृत्या काढा, सूत्रं लिहा, हाताची कामं. गणपतीत संध्याकाळच्या घरोघरच्या आरत्यांना तास-दीड तास जातोच, म्हणून अभ्यास पहाटे ५ ते ८. डबलबारीला (दोन भजनी बुवांच्या सामन्याला) रात्रभर बसायचं असेल तर दुसरा दिवस गेला असं आधीच मान्य करा. चोरून बसायचं आणि मग कुढायचं, यात दोन्ही सुखं जातात.

फणसाची आठळ
आठळ्या भाजून अभ्यासाला बसलं की संध्याकाळ बरी जाते. विषयाला धरून नाही, माहितेय 🙈

सोहम
पावसच्या स्वामी स्वरूपानंदांच्या परंपरेतली सोहम् साधना अभ्यासाच्या मधल्या पाच मिनिटांना चांगली. श्वास आत "सो", बाहेर "हं", ओठ न हलवता. ५० मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं ही. डोळे मिटून, भिंतीला न टेकता. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिका येईपर्यंतही जमते, कुणाला कळत नाही.

खाडीकाठ
एक गोष्ट स्पष्ट लिहितो. दोन आठवडे झोप नाही, जेवण उडालंय, कशातच मन नाही, जगण्याचा कंटाळा आलाय असं मूल बोलत असेल तर त्याला श्लोक देऊ नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे न्या. जप नंतर आहेच.

ओहोटी
@खाडीकाठ, हे वरती हवं होतं. धन्यवाद.

वाटसरू
गीताई (विनोबांचा गीतेचा मराठी पद्यानुवाद) सुरू करायची आहे, संस्कृत जमत नाही. कुठून करू?

कातळ
१२वा अध्याय. वीस श्लोक, दहा मिनिटांत वाचून होतो. मग १५वा, तोही वीसच. मग दुसऱ्यातली स्थितप्रज्ञाची लक्षणं, ५४ ते ७२. पहिल्या अध्यायापासून सुरू करणारे बहुतेक योद्ध्यांच्या नावांतच अडकतात. विनोबा आपल्या रायगडचेच, गागोद्याचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक अशी गीतेच्या १८ अध्यायांवर प्रवचनं दिली, ती लिहून घेतली पालगडच्या साने गुरुजींनी. गीताई हाताशी ठेवून ती वाचा, अर्थ आपोआप लागतो.

वाटसरू
खिशात मावणारी प्रत मिळते ना?

कातळ
मिळते, छोटी असते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, जुलैत बुरशी धरते.

बांधावरचो
पिशवीत दोन लवंगा पण टाक. आणि ता आठळ्यांचा कोण बोललेला, खारवलेल्यो आसत काय घरात?

फणसाची आठळ
नाहीत हो, यंदा फणसच उशिरा धरलाय.